रिटायर झाल्यावर छंद सुरू करावा की नोकरी चालू असतानाच?

तुम्ही लिहिलंय की नोकरीची तीन-चार वर्षं उरलीत, स्वतःच्या हाताने टेलिस्कोप बनवून आकाश बघायचं कधीपासून मनात आहे, पण घरी येईपर्यंत जीव थकून जातो, तर आता अर्धवट काहीतरी करण्यापेक्षा रिटायर झाल्यावरच निवांत सुरुवात करावी का. माझं स्पष्ट मत आहे की थांबू नका, आत्ताच सुरू करा. मी नोकरीत असतानाच टेलिस्कोपचा पहिला आरसा (प्रकाश गोळा करणारी खोलगट काच) घासला आणि आता रिटायर आहे, त्यामुळे दोन्हीकडचं बघून सांगतोय.

सगळ्यात आधी डोळ्यांचं सांगतो कारण हे कुणी बोलत नाही. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंत उघडते, साठीच्या आसपास ती बऱ्याच जणांची ५ मिमीच्या जवळ येते, माणसागणिक फरक असतो पण हिशोब केला तर आत जाणारा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. जास्त मॅग्निफिकेशनवर ग्रह किंवा जोडतारे बघताना याने फार बिघडत नाही, पण नुसत्या डोळ्यांनी आकाशगंगा बघायची किंवा कमी मॅग्निफिकेशनवर मोठे अंधुक तेजोमेघ शोधायचे तर फरक पडतोच. शिवाय अंधुक गोष्टीकडे थेट न बघता नजर जरा बाजूला ठेवून ती पकडायची असते, ती सवय सरावानेच लागते, आणि हा सराव आज रात्री गच्चीत उभं राहून फुकटात सुरू करता येतो, फक्त डोळे अंधाराला सरावावेत म्हणून त्याआधी वीस-तीस मिनिटं मोबाईल बघायचा नाही.

आता वेळेचं. लोकांना वाटतं आरसा घासायला अख्खा दिवस मोकळा लागतो, आणि मला तर उलट वाटतं की नोकरी करणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचं काम सापडणार नाही. सहा इंची आरसा घ्या, ४८ इंच फोकल लेंथचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश आरशापासून जितक्या अंतरावर एकत्र येतो ते अंतर. त्यात मधोमध जो खोलगटपणा आणायचा तो जेमतेम सव्वा मिलिमीटर असतो. दोन काचा एकमेकींवर, मध्ये ८० नंबरची जाड कार्बोरंडम पावडर (काच घासणारे कडक कण) आणि थोडं पाणी, वरची काच, जिचा आरसा होणार ती, पुढेमागे ढकलायची, थोडी फिरवायची, आपण स्वतः टेबलाभोवती थोडं सरकायचं. सुरुवातीला खरखर मोठी येते, काही मिनिटांत पावडरचे कण फुटून बारीक होतात, आवाज मऊ होतो, तिथे एक फेरी संपली, मग पुसायचं आणि नवीन पावडर. म्हणजे कामाचे तुकडे मुळातच छोटे आहेत, संध्याकाळी अर्धा तास मिळाला तरी पाच-सहा फेऱ्या होतात आणि मध्येच सोडलं तर काही नुकसान नाही. (पावडर ओली असतानाच पुसून घ्या, वाळली की धूळ उडते आणि ती छातीत जाणं वाईट.)

पुढे पॉलिशच्या वेळी तर नोकरीचा फायदाच होतो. हाताच्या आणि घासण्याच्या उष्णतेने काचेचा आकार किंचित बदलतो, आणि शेवटी पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही अचूक हवा असतो, त्यामुळे पॉलिश केल्याकेल्या टेस्ट करून उपयोग नाही, काच पूर्ण निवावी लागते. रात्री पॉलिश करायचं, सकाळी ऑफिसला जायच्या आधी फूको टेस्ट (दिवा आणि पात्याच्या कडेने आरशाचा आकार तपासायची पद्धत) लावून आकार बघायचा. दिवसभर मोकळा असलेला माणूस इथे घाई करतो आणि कोमट काच तपासून भलतंच दुरुस्त करत बसतो. फक्त दोन कामं सुट्टीच्या दिवसावर ठेवा, एक म्हणजे जाड पावडरवरून बारीक पावडरवर जाताना करायची धुलाई, कारण जाड पावडरचा एक कण राहिला तरी ओरखडा येतो, आणि दुसरं म्हणजे पिचचं (डांबरासारख्या पदार्थाचं) पॉलिशिंग टूल ओतणं.

आणि जागा कायमची द्या हो, कोपरा छोटा असला तरी चालेल. रोज सामान काढायचं आणि आवरायचं असेल तर थकलेला माणूस ते काढतच नाही.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये राहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. पोट भरायला चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, दिवसभर संगीताच्या शिकवण्या, आणि उरलेल्या वेळात घरात आरसे घासणं, तेव्हा तर ते धातूचे असायचे. पॉलिश मध्ये थांबवता येत नसे म्हणून बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवायची. १७८१ मध्ये त्याने युरेनस शोधला तो साधारण सहा इंची आरशाच्या टेलिस्कोपने आणि तोही नोकरी चालू असताना. राजाकडून वर्षाला २०० पौंड सुरू झाले ते त्यानंतर, १७८२ मध्ये, आणि मग त्याने संगीताचं काम सोडलं.

रिटायर झाल्यावर वेळ मिळतो का? मिळतो, पण आपोआप नाही. पहिल्या काही महिन्यांत घरातली साठलेली कामं, नातेवाईकांची कामं आणि जुन्या ऑफिसची 'जरा येऊन जा' अशी कामं सगळी तुमच्याकडे येतात कारण तुम्ही रिकामे आहात असं सगळे धरून चालतात. ज्याचा छंद आधीपासून चालू आहे त्याच्या घरच्यांना माहीत असतं की संध्याकाळी हा काचेपाशी असतो, अमावस्येच्या आसपासच्या रात्री हा बाहेर असतो, त्याला कुणी त्या वेळेला काम सांगत नाही. ज्याने अजून सुरूच केलेलं नाही त्याला ती वेळ मागून घ्यावी लागते आणि ते जड जातं. नंतर पार्टटाईम काम घ्यायचा विचार असेल तर दिवस आधी ठरवा, आठवड्यातले दोन किंवा तीन, आणि शक्यतो सकाळचे तास टाळा म्हणजे रात्री आकाश बघून उशिरा उठता येईल.

पगार चालू आहे तोवर काच, पावडरी, पिच आणि एक चांगला आयपीस (डोळा लावून बघायची भिंगाची नळी) घेऊन ठेवा. आठ-दहा इंची आरशाचा मोह आत्ता नको, तो जड असतो, वेळ खूप खातो, तो रिटायरमेंटनंतर करा, तोपर्यंत सहा इंचीवर हात बसलेला असेल आणि मोठा आरसा घासत असताना बघायला एक टेलिस्कोप तयार असेल.