निष्कर्ष आधारविधानांत आधीच असेल, तर ग्रीकांच्या निगामी तर्काचा उपयोग काय?

निगामी तर्क म्हणजे आधी मान्य केलेल्या विधानांवरून (आधारविधानांवरून) निष्कर्ष अटळपणे काढणं. त्यावरचा तुमचा आक्षेप जुना आहे. ‘सर्व माणसं प्राणी आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून तो प्राणी आहे’ यावर सेक्स्टस एम्पिरिकस या संशयवाद्यानेही बोट ठेवलं होतं: ‘सर्व माणसां’त सॉक्रेटिस आलाच, मग त्याला तपासल्याशिवाय पहिलं विधान केलंत कसं? या उदाहरणापुरतं त्याचं बरोबर आहे. अडचण उदाहरणाची आहे. ते इतकं बाळबोध आहे की तर्काला काही कामच उरत नाही.

त्याऐवजी ॲरिस्टॉटल पुन्हा पुन्हा देतो ते उदाहरण घ्या. चौरसाची बाजू आणि कर्ण यांचं गुणोत्तर पूर्णांकांत मांडता येत नाही. येतं असं समजा: कर्ण : बाजू = म : न, आणि दोघांत सामाईक अवयव उरलेला नाही. पायथागोरसच्या प्रमेयाने म² = २न². म्हणजे म² सम, म्हणून म सम. म = २क घातलं की न² = २क², म्हणजे न सुद्धा सम. पण मग २ हा सामाईक अवयव निघाला, जो नाही असं आपण धरलं होतं. विसंगती. मोजपट्टी कितीही बारीक घेतली, हजार चौरस मोजले, तरी हे कळणार नाही. आधारविधानांत ते ‘होतं’ म्हणा हवं तर, पण कुणाला दिसत नव्हतं.

दुसरा उपयोग मला जास्त रोजचा वाटतो: काय सिद्ध होत नाही हे ओळखणं. ॲरिस्टॉटलची विधानं चार प्रकारची: सर्व आहेत, एकही नाही, काही आहेत, काही नाहीत. दोन आधारविधानांच्या १६ जोड्या, आणि मध्यपदाच्या (दोन्ही आधारविधानांत येणाऱ्या सामाईक पदाच्या) जागेनुसार तीन आकृत्या, म्हणजे तीन मांडण्या, म्हणून ४८. त्यांतल्या १४ त्याने वैध ठरवल्या, म्हणजे आधारविधानं खरी असली की निष्कर्ष खरा असणारच अशा. बाकीच्या तो पदं बदलून पाडतो. ‘सर्व माणसं प्राणी आहेत, एकही घोडा माणूस नाही’ ही दोन्ही विधानं खरी, आणि घोडे प्राणी आहेत. आता घोड्याच्या जागी दगड घाला. विधानं अजूनही खरी, पण दगड प्राणी नाही. साचा तोच राहून एकदा होकार आणि एकदा नकार येत असेल, तर त्या जोडीतून घोड्याबद्दल किंवा दगडाबद्दल काहीच निघत नाही. वादात समोरच्याचा युक्तिवाद पाडायला हीच पद्धत वापरा: साचा तसाच ठेवा, आधारविधानं उघड खरी आणि निष्कर्ष उघड खोटा होईल अशी पदं शोधा.

मात्र वैध म्हणजे स्पष्टीकरण देणारा, असं नाही. ‘जे लुकलुकत नाही ते जवळ असतं; ग्रह लुकलुकत नाहीत; म्हणून ग्रह जवळ आहेत.’ उलट बाजूने: ‘जे जवळ असतं ते लुकलुकत नाही, ग्रह जवळ आहेत, म्हणून ते लुकलुकत नाहीत.’ दोन्ही वैध, पण कारण सांगतो तो दुसराच. पहिल्यात परिणामावरून कारण ओळखलंय. (ही दोन पहिली विधानं एकमेकांची उलट आहेत, आणि एक खरं म्हणून दुसरं आपोआप खरं होत नाही. सगळ्यात जास्त घसरतात ते इथेच.)

मर्यादाही आहे. ‘अ हा ब पेक्षा मोठा, ब हा क पेक्षा मोठा, म्हणून अ हा क पेक्षा मोठा’ हा साधा तर्क त्या १४ साच्यांत नीट बसत नाही, आणि युक्लिडची भूमिती अशा संबंधांनी भरलेली आहे. दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने अशा युक्तिवादांना वेगळा वर्ग दिला.