कंसातला खांदा

पत्र (थोडक्यात): ताई, मी २६ वर्षांची, पहिलटकरीण. सहावा महिना चालू आहे. सासर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, वरच्या मजल्यावर. जांघेत, ओटीपोटाखाली इतकं दुखतं की रात्री कूस बदलताना रडू येतं, जिना चढवत नाही. सासूबाई म्हणतात, "आम्ही नवव्यापर्यंत धुणं धुतलं, हिचीच नाटकं." (माझा खांदा लहानपणापासून मधूनच सटकतो, पण माझी मीच बसवते. आईनं सांगितलंय, सासरी बोलायचं नाही.) तारीख ऑगस्टातली आहे. आई माझ्या वेळी दोन तासांत मोकळी झाली होती. मी सातव्यातच गगनबावड्याला माहेरी निघून जावं म्हणते. सासूबाईंना कसं समजावू?

उत्तर: अगं बाई, दोन पानं सासूची उणीदुणी आणि खांदा कंसात?

सासूबाईंचं बोलणं टोचणारं आहे, मान्य. पण त्यांना खांद्याचं ठाऊकच नाही. ठाऊक आहे ते तुझ्या आईला, आणि तिनंच तुला गप्प बसवलंय. लग्न जमेपर्यंत मुलीचं दुखणं झाकून ठेवायचं, हे आपल्याकडं घरोघरी चालतं. तुझं लग्न होऊन दिवसही गेले, आता कुणापासून लपवतेस? डॉक्टरांनाही सांगितलेलं नसणार. तुझ्या फाइलीत रक्तगट असेल, वजन असेल, खांदा नसेल.

गरोदरपणात कमरेची हाडं बांधून ठेवणारे बंध सगळ्याच बायकांचे सैल पडतात. ज्यांचे मुळातच सैल, तुझ्या खांद्यासारखे, त्यांचे जास्त हाल होतात. काही घराण्यांत हे आईकडून लेकीकडं उतरतं. अशा आजारांच्या एका गटाचं नाव एहलर्स-डॅनलॉस. तुला तेच आहे का, हे पत्रावरून मी कशी सांगू? डॉक्टर अंगठा मनगटाकडं वळवून, करंगळी मागं करून, कोपर-गुडघे बघून नऊ गुणांची चाचणी घेतात. घरात कुणाची रक्तवाहिनी किंवा आतडं अचानक फुटलं असेल, तर तेही सांग. तो प्रकार वेगळा आणि धोक्याचा.

सांगायचं कशाला? कळांसाठी पाठीत इंजेक्शन दिलं की तुला दुखणार नाही, आणि कुणी हात डोक्यामागं ओढला, पाय जास्त फाकवले, तर सांधा सरकलेलाही कळणार नाही. अशा काही बायकांना भूल नीट चढत नाही. काहींच्या टाक्यांची जखम उशिरा भरते, काहींना रक्त जास्त जातं. आणि काहींची सुटका फार झटपट होते.

तुझ्या आईचे ते दोन तास आठव. ऑगस्टात पंचगंगा फुगली की गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी येतं, हे तुला मी सांगायला हवं का? त्या पाण्यापलीकडं जाऊन बसणार तू? माहेर हवंय तर आईलाच इकडं बोलाव.

उद्या सकाळी डॉक्टरांकडं जा. खांदा कितव्या वर्षी, किती वेळा सटकला, आणखी कुठले सांधे सरकतात, आईचं बाळंतपण कसं झालं, सगळं कागदावर लिहून ने. तोंडी सांगायला गेलीस तर पुन्हा कंसातच टाकशील. नवऱ्याला आत घेऊन जा. बाहेर गाडीपाशी उभा राहायचा नाही. त्यानं ऐकलं की घरी वेगळं सांगावं लागणार नाही. फिजिओथेरपिस्टकडं पाठवा, असंही तिथंच म्हण.

तोवर कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून ठेव, झोपताना मध्ये उशी घे. सलवार बसून घाल, एका पायावर उभं राहू नकोस. जिना एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत.

आणि बाळंतपणानंतर मालिशवाल्या मावशी येतील, त्यांना तुझे हातपाय ओढू द्यायचे नाहीत. हे काम मात्र सासूबाईंवर सोपव. त्यांचा आवाज तिथं उपयोगी पडेल.