प्रवासात आईबाबांच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च मेडिक्लेममधून मिळतो का?

आईबाबा ठाण्याहून दोन महिने इंदूरला ताईकडे चाललेत, तिथे घेतलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचं बिल मेडिक्लेमला लावता येईल का, असं विचारलंय. बहुतेक पॉलिसींमध्ये नाही. आणि त्यात इंदूरचा काही दोष नाही, घोडबंदर रोडवरच्या मेडिकलमध्ये घेतलेल्या गोळ्यांचेही पैसे मिळत नाहीतच. मेडिक्लेम असतो ॲडमिट होण्यासाठी. साधारण ॲडमिट व्हायच्या आधीचे ३० आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस औषधं धरतात, तीही त्याच आजाराची. ओपीडी कव्हर (ॲडमिट न होता होणाऱ्या खर्चासाठीचं) वेगळं घेतलं असेल तर मात्र पॉलिसीचे कागद काढून बघा.

सत्तरी झाली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड (ॲडमिट झाल्यावरच्या मोफत उपचारांसाठीचं सरकारी कार्ड) जरूर काढा, पण रोजच्या गोळ्या त्यातही बसत नाहीत.

खरी बचत जनऔषधी केंद्रात, म्हणजे ब्रँडशिवायची स्वस्त औषधं विकणाऱ्या सरकारी योजनेतल्या दुकानात. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या: ‘टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, सकाळी १’ असं. ठाण्यातला ब्रँड तिकडे मिळेलच असं नाही, मूळ नाव असलं की दुकानदार शोधून देतो. निदान महिन्याभराच्या गोळ्या इथूनच न्या, पाकिटातून काढून डबीत भरू नका, नाव आणि एक्स्पायरी पाकिटावरच असते. विमानाने जाणार असतील तर औषधं हँडबॅगेत. इन्सुलिन तर नक्कीच, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.