उत्तर: कॉन्फेडरेट फौजेतले लोहार खापरपणजोबा

ताई, तुमच्या यजमानांचे खापरपणजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात कॉन्फेडरेट (म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या) फौजेत, जॉर्जिया राज्याच्या रेजिमेंटमध्ये, धंद्याने लोहार, हजेरीपटावर महिनोन्‌महिने गैरहजर, आणि सासरचे म्हणतात पळून गेले असणार. वाचून राहवलं नाही. माझ्या सासरच्या पणजोबांबद्दलही हेच बोललं जायचं. जनगणना वगैरे तुम्ही पाहिलीच असेल, ते सोडते.

त्यांच्या सैनिकी नोंदीच्या कार्डावरची शेऱ्याची ओळ नीट वाचा. एप्रिल १८६२ पासून सक्तीची भरती सुरू झाली आणि कारागीरही पलटणीत गेले. मग गाड्यांच्या धावा कोण बसवणार, घोड्यांना नाल कोण ठोकणार? म्हणून त्यांना तिथून काढून सरकारी कारखान्यांत धाडत. नाव मात्र पटावर तसंच राही. आमच्या कार्डावर बारीक अक्षरात 'डिटेल्ड, ब्लॅकस्मिथ, मेकन' असं होतं, म्हणजे पलटणीतून काढून मेकनला लोहारकामावर नेमलेला. जॉर्जियातल्या या मेकन शहरात शस्त्रांचा कारखाना होता. पळून गेलेल्याच्या नावापुढे सहसा तसा स्पष्ट शेरा असतो.

आमचा खरा वेळ खाल्ला तो पेन्शनच्या कागदांनी. एका सरकारी दफ्तराकडून (नाव घेत नाही) दर वेळी फी घेऊन एकच ओळ यायची: नोंद नाही. या सैनिकांना पेन्शन केंद्र सरकारने नाही, दक्षिणेतल्या राज्यांनी दिली, आणि अर्ज करायचा तो राहत्या राज्यात, मग लढाई कुठल्याही राज्याच्या पलटणीतून केलेली असो. आमचे पणजोबा युद्धानंतर टेक्सासला गेले होते. तिथे १८९९ मध्ये पेन्शनचा कायदा झाला. तिथल्या राज्य अभिलेखागारात त्यांच्या विधवेचा अर्ज मिळाला, सोबतच्या सैनिकांच्या साक्षींसकट. 'दुसऱ्या राज्यात गेले असतील तर तिथे विचारा' एवढं लिहायला त्या माणसाचं काय जात होतं? अजून संताप होतो.

तुमच्या खापरपणजोबांचं स्वतःचं दुकान असेल तर अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमधली (राष्ट्रीय अभिलेखागारातली) 'सिटिझन्स फाइल'ही बघा. फौजेने नागरिकांकडून घेतलेल्या मालाच्या आणि कामाच्या पावत्या त्यात आहेत.

आणि १८६० च्या जनगणनेतली गुलामांची वेगळी यादी टाळू नका. मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग, वर्ण. बहुतेक ठिकाणी नावंच नाहीत. दुकानात भाता कोण ओढत होतं, हे घरच्यांना कळलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मी इतिहासतज्ज्ञ नाही, राज्याराज्यांचे नियम वेगळे होते, तेव्हा पडताळून घ्या. १८८० च्या जनगणनेत ते कुठल्या राज्यात दिसतात तेवढं कळवा, अर्ज कुठे शोधायचा ते सांगते.