जॅझ गिटार शिकायची तर आधी कोणत्या स्केल पाठ कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की चार-पाच वर्षं हिंदी गाण्यांवर कॉर्ड वाजवता, बॅरे कॉर्ड जमतात, आता जॅझ शिकायचंय आणि स्केलच्या यादीनेच धडकी भरलीय. यादी बाजूला ठेवा. मेजर स्केल येत असेल तर सध्या तेवढी पुरे.

ठेच लागलीय म्हणून सांगतोय. पस्तिशीत हे खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मी वर्षभर डोरियन न् मिक्सोलिडियन या दोन स्केल बाराही पट्ट्यांत घासत बसलो. मग एकदा एका ओळखीच्यांकडे चौघं वाजवायला बसलो. साधा १२ बारांचा ब्लूज, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा तुकडे, पुन्हा पुन्हा फिरणारे. सोलोची पाळी आली, माझी बोटं सुसाट सुटली, आणि दुसऱ्याच फेरीत आपण सातव्या बारात आहोत की नवव्या, काही पत्ता नाही. गाणाऱ्याची सम हुकावी, तशी गत. पियानोवरच्या काकांनी मान हलवून पहिला बार दाखवला. नंतर चहा पिताना एवढंच म्हणाले, "तू आधी साथ करायला शीक."

तर साथीपासून सुरू करा. आत्ता गिटार हातात घ्या. पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर पाचवा. बाकी तारा बंद. हा डी मायनर सेव्हन, फक्त तीन सुरांत. आता चौथ्या तारेवरचं बोट तिथेच ठेवायचं, तिसरीवरचं एक फ्रेट मागे, म्हणजे चौथ्यावर आणायचं आणि बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायचा. झाला जी सेव्हन. पुढे तिसरी तार जशीच्या तशी, चौथीवरचं बोट दुसऱ्या फ्रेटवर, बेस पाचव्या तारेच्या तिसऱ्यावर. सी मेजर सेव्हन. बेस सोडला तर दर वेळी एकच सूर अर्ध्या पायरीने खाली सरकतो. तो सरकताना ऐकू यायला लागला की जॅझची निम्मी हार्मनी कानात बसली समजा, कारण हीच तीन कॉर्डची साखळी गाण्यागणिक वेगवेगळ्या पट्टीत भेटत राहते.

आता ताल. मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं टकटक यंत्र, मिनिटाला ६० टोल्यांवर लावा आणि त्याचा टोला एक-तीनवर न धरता दोन-चारवर धरा. म्हणजे तुमची खरी लय १२०. पहिले दोन दिवस तो टोला फिरून एकवर येईल आणि चिडचिड होईल. होऊ दे. मग प्रत्येक मात्रेला एक स्ट्रोक, आणि वाजला की डाव्या हाताची बोटं किंचित सैल, आवाज तिथेच तुटला पाहिजे. गिटारवादक फ्रेडी ग्रीन काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षं मुख्यतः हेच करत होता. सोलो क्वचितच. पण तो होता म्हणून ते अख्खं ऑर्केस्ट्रा डुलायचं.

सोलोचं पुढे बघू, पण तेव्हाही स्केलपेक्षा कान मोठा. जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरीला नोटेशन वाचता येत नव्हतं. त्याच्या आधीचा गिटारवादक चार्ली ख्रिश्चन, त्याचे सोलो रेकॉर्डवरून ऐकून त्याने बोटांत उतरवले. तुम्हीही चार्लीपासूनच सुरू करा. १९३९ मध्ये तो बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि १९४२ मध्ये, पंचविशीत, वारलासुद्धा. पण फ्रेज अगदी स्वच्छ. चार बार घ्यायचे, आधी तोंडाने म्हणायचे, मग वाजवायचे. म्हणता येत नसेल तर गिटारला हात लावू नका. आपल्याकडे गुरू समोर बसून तान म्हणवून घेतात, त्याहून हे काही वेगळं नाही.

जाता जाता, मुंबईत जन्मलेल्या अमान्सिओ डिसिल्वाची गिटारही ऐकून ठेवा. सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबर त्याने लंडनमध्ये १९६९ मध्ये 'हम दोनो' ही रेकॉर्ड केली. शिकायला नाही, नुसती ऐकायला.

नवी गिटार घेऊ नका. मी घेतली होती, पोकळ पोटाची, महागडी; त्या दिवशी सातवा बार तिलाही सापडला नाही. आहे तिलाच जरा जाड तारा चढवा, इलेक्ट्रिक असेल तर टोनचं बटण अर्ध्यावर आणा, आणि आधी एफमधला ब्लूज घ्या. सोलो न घेता नुसती साथ करत सलग दहा फेऱ्या न हरवता झाल्या, की पुढचं विचारा.