पोरगं पहिलीत गेलंय ना, मग हे वाच

घरी आल्या आल्या ‘आज काय शिकवलं’ विचारू नकोस गं, ‘काही नाही’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा बाई आज कशावर हसल्या ते विचार, मग बघ कशी टेप सुरू होते. आणि स्वप्नं काय, आज पायलट उद्या जादूगार, लगेच क्लास लावायला धावू नकोस (फी भरली की स्वप्न बदलतंच!). अब्दुल कलामांच्या सरांनी पक्षी कसा उडतो ते फळ्यावर काढून दाखवलं, पोरांना कळेना तर सरळ समुद्रकिनारी नेलं उडणारे पक्षी दाखवायला, विमानांचं वेड तिथून लागलं त्यांना. असे कोणी सर-बाई मिळाले तर मुलासमोर त्यांच्या चुका काढत बसू नकोस, आणि पेरेंट मीटिंगला मार्कांआधी तो वर्गात कशात रमतो ते विचार.