भूमियांचा जबाब आणि गावाची शीव

प्रश्न : आमचे आजोबा गावचे भूमिया, म्हणजे गोंड गावातले पारंपरिक जाणते, आहेत. जंगलातली शीव कुठून कुठे जाते हे त्यांना तोंडपाठ आहे, पण ते गोंडीच बोलतात आणि लिहिता येत नाही. सामूहिक वनहक्काच्या दाव्याला त्यांचं सांगणं पुरावा म्हणून चालेल का?
– एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : चालेल. वनहक्क कायद्याच्या नियमांतल्या नियम १३ मध्ये ज्येष्ठांचा लेखी जबाब पुराव्यांत धरला आहे. मात्र तो 'दावेदार सोडून इतर' ज्येष्ठांचा हवा, आणि दावा अख्ख्या ग्रामसभेचा असल्याने आजोबाही दावेदारच ठरतात. म्हणून त्यांच्या जबाबासोबत शेजारच्या गावातल्या जाणत्या माणसाचाही घ्या. तुमची शीव ती त्याचीही शीव. एकच पुरावा पुरत नाही, तेव्हा निस्तार पत्रकाची, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या हक्कांच्या सरकारी नोंदीची, नक्कल जोडा.

जबाब ओसरीवर बसून उरकू नका. आजोबांना चालवत असेल तर शिवेवर न्या, नसेल तर पोरांनी खुणांचे फोटो काढून त्यांना दाखवावेत. 'पिढ्यान्‌पिढ्या जंगल आमचंच' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. 'पेनठाण्याच्या (देवस्थानाच्या) मोहापासून नाल्याने वर, दोन उभ्या दगडांपर्यंत. पलीकडे शेजारचं गाव' असं लिहा. वेळू, तेंदू कुठून आणता, गुरं कुठे चरतात, तेही त्यात यावं. मोह आणि रानभाज्यांचं आजीला विचारा. तिथलं बारीकसारीक बायकांनाच जास्त ठाऊक असतं, आणि नेमकं तेच जबाबांतून सुटतं.

आधी गोंडीत, देवनागरीत उतरवा, खाली मराठी. गोंडीतून पुन्हा वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या. थेट मराठीत लिहिलं की ठिकाणांची नावं बदलतात आणि नकाशाशी जुळत नाहीत.

पडताळणीला जाण्याआधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीने वनविभागाला कळवावं. नमुना 'क', म्हणजे सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याचा अर्ज, मंजूर करताना निम्मी ग्रामसभा हजर हवी, हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला. शेजारच्या गावाशी शिवेचा वाद निघाला तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष लेखी द्यायचा.

जाणत्यांमध्येच खुणेवरून मतभेद झाला तर हात वर करून मोजू नका. गडचिरोलीतल्याच, कार्यकर्ते देवाजी तोफांच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने ठरवते. तुम्हीही दोघा ज्येष्ठांना घेऊन त्या दगडापर्यंत पुन्हा चालून या.